ट्रेनमध्ये फोन चोरीला गेला: ‘गहाळ’ लिहिलंत तर विमा विसरा!

समजा, सकाळी दादरला फास्ट लोकल पकडली. गर्दी नेहमीचीच. कुर्ल्याला उतरून खिसा चाचपला तर फोन गायब! शेजारी उभा असलेला म्हणतो, “१३९ ला फोन करा, पोर्टलवर टाका, पोलीस स्टेशनच्या चकरा कशाला?” सल्ला चुकीचा नाही. पण तुम्ही फोनचा विमा काढला असेल तर हाच सल्ला महागात पडू शकतो.

नवं काय आहे?

एप्रिल २०२५ मध्ये रेल्वे सुरक्षा दल म्हणजे आरपीएफने दूरसंचार विभागाच्या सीईआयआर पोर्टलशी देशभर हातमिळवणी केली. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर रेल मदद ॲपवर किंवा १३९ वर तक्रार करायची. एफआयआर नको असेल तर थेट सीईआयआरवर नोंद करून घेता येते. मग फोनचा आयएमईआय नंबर ब्लॉक होतो, चोराने दुसरं सिम टाकलं तरी तो फोन भारतातल्या नेटवर्कवर चालत नाही आणि कुणी वापरायचा प्रयत्न केला तर पोलिसांना माग लागतो. सीईआयआरची सोय मे २०२३ मध्ये संचार साथी पोर्टलवरून देशभर सुरू झाली. ती खरंच कामाची आहे.

अडचण एकच आहे. फोन परत मिळवण्यासाठी जो कागद पुरतो, तो विम्याचे पैसे मिळवायला पुरत नाही. चोरीच्या क्लेमसाठी विमा कंपन्या साधारणपणे एफआयआरच मागतात. सीईआयआरचा रिक्वेस्ट आयडी किंवा ‘लॉस्ट अँड फाउंड’चा ऑनलाइन दाखला म्हणजे एफआयआर नाही.

‘गहाळ’ आणि ‘चोरी’मधला फरक

पोलीस स्टेशनात गेल्यावर बऱ्याचदा ऐकायला मिळतं, “गहाळ लिहून द्या, लगेच शिक्का मारतो.” आपल्यालाही ऑफिस गाठायचं असतं, आपण लिहून देतो. पण ‘गहाळ’चा अर्थ फोन तुमच्याकडून कुठेतरी पडला किंवा राहिला. बहुतेक मोबाइल पॉलिसींमध्ये हरवलेला फोन कव्हरच नसतो, चोरी झालेला असतो. म्हणजे त्या एका शब्दाने क्लेम तिथेच संपतो.

चोरी झाली असेल तर ‘चोरी’च लिहा. भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम ३०३ आहे आणि हातातून हिसकावून नेला असेल तर कलम ३०४. इथे एक बारीक गोष्ट आहे. चोरलेल्या मालाची किंमत ५ हजार रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो आणि मग एफआयआर होत नाही. त्यामुळे “जुना फोन आहे हो, दोन-तीन हजारांचा” असं सहज बोलून जाऊ नका. बिल दाखवा. मात्र उलटंही करू नका. फोन खरंच कुठे पडला असेल आणि तुम्ही चोरी सांगितली तर ती खोटी तक्रार होते.

कुठल्या पोलिसांकडे जायचं?

रेल्वेतल्या चोरीचा गुन्हा आरपीएफ नाही, लोहमार्ग पोलीस म्हणजे जीआरपी नोंदवतात. लांबच्या गाडीत गोंधळ जास्त होतो. मडगावहून निघालात, चिपळूणपर्यंत फोन हातात होता, पनवेलला जाग आली तेव्हा नाही. चोरी कुठल्या हद्दीत झाली हे तुम्हाला कसं कळणार? ते शोधणं तुमचं काम नाहीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ती नंतर योग्य स्टेशनकडे पाठवली जाते. तक्रार ऑनलाइन पाठवली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. स्टेशनने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते.

पॉलिसीत काय शोधाल?

फोन घेताना दुकानदार ‘प्रोटेक्शन’ गळ्यात मारतो तेव्हा आपण किंमत बघतो, अटी नाही. आज रात्री पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि एवढं तपासा:

- हा विमा आहे की नुसता सर्व्हिस प्लॅन? स्क्रीन फुटल्यावर दुरुस्ती देणाऱ्या बऱ्याच प्लॅनमध्ये चोरी नसतेच.
- कुठली चोरी कव्हर आहे? काही पॉलिसी फक्त घरफोडी किंवा जबरदस्तीने झालेली चोरी धरतात. गर्दीत खिशातून अलगद काढलेला फोन त्यात बसत नाही. लोकलवाल्यांसाठी ही सगळ्यात मोठी मेख आहे.
- ‘लक्ष नसताना’ ही अट आहे का? चार्जिंगला लावून तुम्ही वॉशरूमला गेलात आणि फोन गेला, तर कंपनी याच अटीवर बोट ठेवते.
- किती वेळात कळवायचं? बऱ्याच ठिकाणी २४ किंवा ४८ तास असतात.
- किती कापणार? समजा फोन २४,००० चा आहे, घसारा २५ टक्के आणि तुमचा वाटा १,००० रुपये. मग हातात २४,००० वजा ६,००० वजा १,००० म्हणजे १७,००० येतील.

आणि एक गैरसमज. आयआरसीटीसीवर तिकीट काढताना काही पैशांत मिळणारा प्रवास विमा अपघातातल्या मृत्यू, अपंगत्व आणि हॉस्पिटल खर्चासाठी आहे. फोनचा त्याच्याशी संबंध नाही.

फोन गेल्यावर हा क्रम ठेवा

1. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला आणि यूपीआयला कळवा, सिम ब्लॉक करा.
2. फाइंड माय किंवा गुगलच्या फाइंड हबवरून फोन लॉक करा. पण अकाउंटमधून फोन काढून टाकू नका. ॲपलच्या चोरी-संरक्षण प्लॅनमध्ये तर क्लेम मंजूर होईपर्यंत फाइंड माय चालू लागतं.
3. जीआरपीकडे एफआयआर करा. त्यात आयएमईआय, गाडी, वेळ आणि ‘चोरी’ हा शब्द आहे का ते वाचूनच सही करा.
4. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा. नुसता फोन केला तर पुरावा राहत नाही.
5. त्याच नंबरचं नवं सिम घ्या आणि सीईआयआरवर ब्लॉक करा. ओटीपी त्यावरच येतो. एफआयआरची प्रत आणि बिल इथेही लागतं.

क्लेम नाकारला तर?

इथे ग्राहकाची बाजू वाटते तेवढी कमकुवत नाही. आयआरडीएआयच्या जून २०२४ च्या परिपत्रकानुसार केवळ कागदपत्रं कमी आहेत म्हणून क्लेम नाकारता येत नाही. उशिराच्या मुद्द्यावरही आधार आहे. गाडीच्या चोरीच्या एका प्रकरणात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की एफआयआर लगेच केली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून खरा क्लेम फेटाळता येणार नाही. निकाल गाडीचा आहे, पण तक्रारीत हा मुद्दा जरूर मांडा. लक्षात घ्या, तिथेही ग्राहकाला तारलं ते वेळेवर केलेल्या एफआयआरने.

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे. दुकानदाराचा प्लॅन विमा नसेल तर लोकपालांकडे जाता येत नाही, तेव्हा ग्राहक आयोगच.

आणि पैसे मिळाल्यावर सहा महिन्यांनी पोलिसांचा फोन आला, “तुमचा मोबाइल सापडला”, तर? कंपनीला कळवा. भरपाई घेतल्यावर त्या फोनवर हक्क साधारणपणे कंपनीचा असतो. सीईआयआरमुळे फोन सापडू लागलेत, त्यामुळे हा प्रश्न आता बऱ्याच जणांना पडणार आहे.

आमचं मत

चकरा न मारता फोन ब्लॉक होतो, ही चांगलीच सुधारणा आहे. पण एक सरकारी यंत्रणा “एफआयआर नको असेल तर चालेल” म्हणते आणि विमा कंपनी “एफआयआर नाही तर पैसे नाहीत” म्हणते. मधल्या मध्ये प्रवासी अडकतो. १३९ वर तक्रार घेतानाच “फोनचा विमा आहे का?” एवढं विचारलं तरी अनेकांचे पैसे वाचतील. ते होईपर्यंत हा प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर ऑफिसला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, आधी जीआरपी चौकी गाठा.

तोवर एक काम आत्ताच करा. डायल पॅडवर *#०६# दाबा, दिसणारे आयएमईआय नंबर आणि फोनचं बिल स्वतःलाच ईमेल करून ठेवा. फोन गेल्यावर हे नंबर फोनमध्ये शोधता येत नाहीत!