धुऱ्यावरचा साग, वाड्यातला साग

गेल्या आठवड्यात शेजारच्या एका गावात आणखी एक वाडा गेला. सकाळी जेसीबी आला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ढेलज, माडी, जोतं सगळं सपाट. खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने आदल्या दिवशीच ट्रकात भरून नेल्या होत्या. मी सवयीने विचारलं, "परवानगी काढली होती का?" मालक म्हणाले, "कायची परवानगी भाऊ? घर आमचं." तेही खरंच. भिंती फुगल्या होत्या, वाटेकरी सात, डागडुजीला कोणी पैसा काढेना. त्यांच्यावर माझा राग नाही.

पण याच मालकांच्या धुऱ्यावर सागाची चार झाडं आहेत. त्यातलं एक तोडायचं म्हटलं की १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आडवा येतो. अर्ज करा, सातबारा जोडा, साहेब पाहणीला येतील तेव्हा हजर राहा, आणि लाकूड हलवायचं तर पास काढा. स्वतःच्या शेतातलं, स्वतः लावलेलं झाड असलं तरी. माझी त्याला हरकत नाही, असावाच असा कायदा. मात्र त्यांच्या पणज्याने तोडून आणलेला, सुताराने महिनोन्‌महिने बसून वेलबुट्टी कोरलेला साग वाड्यात उभा होता, तो पाडताना गावात कोणाची सहीही लागली नाही. धुऱ्यावर पुन्हा रोप लावता येतं. तसा खांब कोरणारा हात आता आणायचा कुठून?

ग्रामपंचायत कायदा १९५८ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये इमारत उभारायला आणि पुन्हा उभारायला पूर्वपरवानगी लागते, असं म्हटलंय. जुनं घर पाडायला परवानगी लागते, असं मात्र तिथे म्हटलेलं नाही. वाड्याचं वय गावात एकाच ठिकाणी विचारात घेतलं जातं, ते म्हणजे घरपट्टीच्या हिशेबात. तेही घसारा काढायला! जितका जुना, तितका कमी किमतीचा. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे, इमारतींना श्रेणी आहेत, सल्ला द्यायला समिती आहे. तिथे वयाने भाव चढतो, आमच्याकडे उतरतो. आणि १९६६ च्या नगररचना कायद्यात तर 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच इमारत पाडणं समाविष्ट आहे.

दुसरं टोक संरक्षित स्मारकांच्या सिंदखेडराजाचं. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरला परवानगीची अट. म्हणजे एक तर नियमच नियम, नाही तर सगळं मोकळं. मधलं काही आपल्याला सुचतच नाही. २०२४ मध्ये तिथेच लखुजीराजांच्या समाधीजवळ जतनाचं काम चालू असताना शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, तेव्हा केवढी गर्दी लोटली! जमिनीखालचं निघालं की हात जोडायचे, जमिनीवर उभं असेल त्याला जेसीबी लावायचा. पुण्याचा भिडे वाडाच पाहा. १८४८ साली फुल्यांनी जिथे मुलींची शाळा भरवली, ती वास्तू डिसेंबर २०२३ मध्ये पाडली गेली, आणि ती कशासाठी, तर तिचं स्मारक बांधायला!

त्या सपाट जागेवर आता स्लॅब पडेल. सिमेंटशी माझं जुनं भांडण आहे. आमच्या बुलढाण्याची थंड हवा या स्लॅबांनीच घालवली, असं माझं ठाम मत आहे. पुरावा मागू नका, मे महिन्यात दुपारी स्लॅबखाली बसून पाहा.

मालकाचा हक्क कोणी काढून घ्यावा, असं मी म्हणत नाही. येत्या ग्रामसभेत आमच्या उंद्री गावाने एवढाच ठराव करावा: शंभर वर्षांवरचं घर पाडायचं असेल तर मालकाने तीस दिवस आधी पंचायतीला कळवावं, आणि पंचायतीने त्याचे फोटो, मोजमाप आणि बांधणाऱ्यांची ऐकीव माहिती वहीत उतरवून ठेवावी. ठरावाने कायद्यासारखी सक्ती होणार नाही, हे मलाही कळतं. मसुदा मी लिहून ठेवला आहे. सूचक मी होतो, अनुमोदक हवा आहे.

— उंद्रीकर