गठ्ठा न सोडता

दिल्लीतील एका कार्यालयाने सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी मागणाऱ्या संशोधकास कळविले: ‘फाइल प्रचंड आहे, उघडत नाही, नवा सर्व्हर येईपर्यंत थांबावे.’ ही सबब मला मान्य नाही. मूळ झिप रचनेस ४ जीबीची मर्यादा होती, हे खरे. परंतु झिप-६४ ने ती २००१ मध्येच ओलांडली. पायथन भाषेसोबत विनामूल्य येणारे ‘झिपफाइल’ गठ्ठ्याच्या शेवटची सूची वाचते आणि हवी तेवढीच फाइल तुकड्यातुकड्याने उलगडते. अभिलेख कक्षातील लिपिक तरी एका कागदासाठी सारे बस्ते कोठे सोडतो? २०१२ च्या राष्ट्रीय धोरणाने शासकीय आकडेवारी खुली करण्याचे वचन दिले. ते सर्व्हरच्या निविदेवर अडून राहू नये. साध्या संगणकावर मी ती फाइल उघडून दाखविली आणि सर्व्हरचा प्रस्ताव परत पाठविला.