कम्युनिकेटर नंतर घ्या, आधी रेझिस्टर घ्या



मागच्या रविवारी बॅच सुटल्यावर एक मुलगा मागे थांबला. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा, एका केमिकल कंपनीत दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काम केलेलं, आता स्वतःचं सर्व्हिसिंग आणि कॅलिब्रेशन सुरू करायचंय. हातात हार्ट कम्युनिकेटरचं कोटेशन होतं. वडील यंदाच रिटायर झालेत, त्यांच्या पीएफमधून घ्यायचं ठरलंय. "सर, हा एकदा हातात आला की काम सुरू," म्हणाला.

मी त्याला थांब म्हटलं. का म्हटलं ते जरा सविस्तर लिहितो, कारण असं कोटेशन घेऊन येणारा तो काही पहिला नाही.

ज्यांचा या लाइनशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कारखान्यात प्रेशर, लेव्हल, टेम्परेचर मोजायला ट्रान्समीटर बसवलेले असतात. ते दोन वायरवरून ४ ते २० मिलीअँपिअर करंट पाठवतात. ४ म्हणजे रेंजची सुरुवात, २० म्हणजे शेवट. ऐंशीच्या दशकात रोझमाउंट कंपनीने त्याच दोन वायरवर डिजिटल सिग्नल चढवला, १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोन सूर. त्याला हार्ट म्हणतात. कम्युनिकेटर म्हणजे हे सूर ऐकणारा आणि बोलणारा हातातला डबा. टॅग बदला, रेंज बदला, ट्रान्समीटरला काय दुखतंय ते विचारा, सगळं होतं.

मी इंजिनिअर नाही, बीबीए केलंय. एमआयडीसीच्या रस्त्यावर माझं केबल ग्लँड, फ्यूज, टर्मिनल, पॉवर सप्लायचं दुकान आहे. दुकानात गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणालं, "शेठ, हार्टवाला माणूस मिळत नाही हो." झालं! डोक्यात धंदा शिरला. पतसंस्थेतून कर्ज काढून जुना ४७५ उचलला आणि बरोबर एक आयटीआयवाला पोरगा घेतला.

पहिलं काम साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मिळालं, पावसाळ्यात, ओव्हरहॉलिंग चालू असताना. टेबलावर ट्रान्समीटर ठेवला, २४ व्होल्टचा सप्लाय जोडला, कम्युनिकेटरचे क्लिप लावले. स्क्रीनवर 'डिव्हाइस सापडलं नाही'. दुसरा ट्रान्समीटर, तेच. बॅटरी काढून घातली, लीड बदलल्या, रीस्टार्ट केला. दोन तास गेले. मनात पतसंस्थेचा हप्ता आणि जुना माल गळ्यात मारणारा व्यापारी, दोघंही दिसायला लागले.

तिथले जुने इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक काका लांबून बघत होते. चहा संपवून आले, खिशातून एक छोटा रेझिस्टर काढला, सप्लायच्या प्लस वायरमध्ये सिरीजमध्ये जोडला. "आता बघ." लगेच टॅग, रेंज, प्रेशर, सगळं स्क्रीनवर! मी विचारलं, "काका, हे काय केलंत?" म्हणाले, "अरे, लूपमध्ये रेझिस्टन्सच नव्हता. सप्लाय तुझा आवाज गिळत होता, त्याला ऐकू कसं जाणार?"

हार्टला लूपमध्ये किमान २३० ओहम लागतात, साधारण २५० धरतात. प्लांटमध्ये कंट्रोल सिस्टिमच्या इनपुट कार्डात ते बहुधा आधीच असतात, म्हणून तिथे चालतं आणि टेबलावर अडतं. काउंटरवर नेमका २५० मिळत नाही, २४० किंवा २७० मिळतो. दोन्ही चालतात, पाव वॅटचा पुरे. पण हिशोब करा. २० मिलीअँपिअरला २५० ओहमवर ५ व्होल्ट पडतात. २४ मधून ५ गेले, १९ उरले, उत्तम. कुणी पैसे वाचवायला १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लावला तर उरतात ७, आणि बऱ्याच ट्रान्समीटरना दहा-साडेदहा व्होल्ट तरी लागतात. मग पुन्हा दोष कम्युनिकेटरला.

तेव्हापासून माझा अनुभव असाच आहे. 'कम्युनिकेटर खराब झाला' अशी बोंब आली की आधी मल्टिमीटर काढायचा. ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज किती, लूपमध्ये करंट किती. मग क्लिप कुठे लावलेत ते बघायचं. ट्रान्समीटरच्या टर्मिनलवर किंवा रेझिस्टरच्या दोन टोकांना लावायचे, प्लस-मायनस कसंही चालतं, पण सप्लायच्या टोकांना लावून काही दिसणार नाही. पॅनेलमध्ये आयसोलेटर किंवा बॅरिअर असेल तर तो हार्टचा सिग्नल पुढे सोडतो का? काही जुने सोडत नाहीत. मग पॅनेलमध्ये झटापट न करता सरळ फील्डमध्ये जाऊन जोडायचं. करंट ४ वरच चिकटलाय आणि बाकी सगळं नीट? पोलिंग अ‍ॅड्रेस बघा. कुणीतरी शून्याऐवजी दुसरा नंबर टाकलेला असतो. सगळ्यात मजेशीर केस म्हणजे एकाच लूपवर कम्युनिकेटर आणि लॅपटॉपचा मोडेम दोन्ही लावून बसलेले दोघं जण. हार्टमध्ये मास्टर दोनच चालतात, एक कंट्रोल सिस्टिम, दुसरा हातातला. तुम्ही दोघं एकाच खुर्चीवर बसायला बघताय!

यातलं काहीही महागड्या डब्याबरोबर फुकट मिळत नाही.

आता कॅलिब्रेशन. त्या मुलाच्या कोटेशनवर वरती मोठ्या अक्षरात 'कॅलिब्रेशन सोल्यूशन' लिहिलं होतं, त्याचाच मला राग आला. कम्युनिकेटर प्रेशर मोजत नाही. ट्रान्समीटर जे सांगतो तेच तो दाखवतो. खरं प्रेशर किती हे कळायला वेगळा पंप आणि ट्रेसेबल सर्टिफिकेट असलेला मास्टर गेज लागतो. तो लावून सेन्सर ट्रिम केलं तर त्याला कॅलिब्रेशन म्हणायचं. नुसती रेंज बदलणं म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे, आणि हा घोळ धोकादायक आहे. समजा ट्रान्समीटर ०–६ बारचा आहे आणि तुम्ही 'नीट करतो' म्हणून ०–१० करून आलात, पण कंट्रोल रूममध्ये ०–६ च राहिलं. लाइनमध्ये ६ बार असताना करंट जाईल १३.६ मिलीअँपिअर, आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवर दिसेल ३.६ बार. तो बिचारा प्रेशर कमी आहे म्हणून वाढवत बसेल. तुमची गाडी तोवर गेटबाहेर.

माझ्याकडूनही झालंय. डिस्टिलरीच्या कामावर खूश होऊन त्याच कारखान्याने हंगामात बोलावलं. बॉयलरच्या ड्रम लेव्हलचं रीडिंग जुळत नव्हतं. मी लूप टेस्ट घेतली, म्हणजे ट्रान्समीटरला सांगितलं की ४ मिलीअँपिअर धरून ठेव. त्याआधी स्क्रीनवर इशारा येतो की लूप ऑटोमॅटिक कंट्रोलमधून काढा. दर वेळी येतो. आणि दर वेळी येतो म्हणूनच मी न वाचता ओके दाबलं. कंट्रोलरला वाटलं ड्रम रिकामा झाला, त्याने फीड वॉटरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. ऑपरेटर जागेवर होता, त्याने लगेच मॅन्युअल घेतलं म्हणून निभावलं. मला दहा मिनिटांत गेटवर सोडलं. बिल काढलं नाही, मी मागितलंही नाही. त्या कारखान्याने मला परत बोलावलेलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही बोलावलं नसतं.

त्यानंतर नियम केला. लूप मॅन्युअलवर घेतलाय हे ऑपरेटरच्या तोंडून ऐकल्याशिवाय आणि परमिटवर सही झाल्याशिवाय क्लिप लावायचा नाही. काही बदलायच्या आधी जुनं कॉन्फिगरेशन सेव्ह करायचं, आधीचं आणि नंतरचं रीडिंग स्लिपवर लिहून सही घ्यायची. खरं सांगू? माझी पुढची गिऱ्हाईकं त्या स्लिपमुळे टिकली. डब्याचं मॉडेल आजवर कुणी विचारलेलं नाही.

जुना घ्यायचा विचार असेल त्यांनी एवढं बघा. ४७५ बंद होऊन त्याच्या जागी ट्रेक्स आलाय, त्यामुळे जुन्यात नवीन ट्रान्समीटरच्या डीडी फाइल नसतील. तरी बेसिक गोष्टी दिसतात, टॅग, रेंज, रीडिंग; पण खास मेनू उघडत नाही. बाजारात नकली मालही फिरतोय. आणि सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये जाणार असाल तर डबा इन्ट्रिन्सिकली सेफ मंजुरीचाच हवा, त्यात लोकल बॅटरी घातलेली असेल तर ती मंजुरी गेलीच. इथे काटकसर करायची नाही, स्फोट कोटेशन बघून होत नाही.

सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला असा: यूएसबी हार्ट मोडेम आणि जुना लॅपटॉप. कम्युनिकेटरच्या मानाने खर्च किरकोळ. सेफ एरियात आणि वर्कशॉपच्या टेबलावर बहुतेक काम त्यावर निघतं. एक चांगला मल्टिमीटर, २४ व्होल्ट सप्लाय, रेझिस्टर, भंगारातून एखादा चालू ट्रान्समीटर सरावाला. हॅझार्डस एरियातलं काम आलं तर तेवढ्या दिवसांपुरता कम्युनिकेटर भाड्याने घ्या आणि भाडं कोटेशनमध्ये वेगळं दाखवा. वर्षभर भाडं भरून बघा. हप्त्यापेक्षा भाडं जास्त जायला लागलं की त्या दिवशी विकत घ्या, मी स्वतः पेढे घेऊन येईन. वडिलांचा पीएफ किंवा मुद्रा कर्ज, दोन्ही परत करायचेच पैसे आहेत. पहिल्याची नोटीस येत नाही इतकंच.

तो मुलगा जरा नाराज होऊन गेला होता. परवा दुकानात आला. कोटेशनचं मी काही विचारलं नाही, त्यानेही काढलं नाही. २७० ओहमचे दहा रेझिस्टर आणि क्रोकोडाइल क्लिपच्या चार जोड्या घेतल्या. जाताना विचारलं, "सर, ते काका अजून आहेत का कारखान्यात?" रिटायर झालेत. नंबर दिलाय.