सर्व्हर डाऊन झाला हे कळलं, पण त्याचा जोडीदार कुठं होता?

परभणी तालुक्यातलं पेडगाव घ्या किंवा मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव. जुलै संपत आलाय, सोयाबीन उभं आहे आणि पीकविम्याची तारीख तोंडावर आलीय. सेवा केंद्रावर आधार, पासबुक आणि सातबारा घेऊन माणसं बसलीयत. तेवढ्यात काउंटरमागून दोन शब्द येतात : सर्व्हर डाऊन.

२०२३ च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीकविमा सुरू झाला, तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवून द्यावी लागली होती. पण प्रत्येक वेळी मुदत वाढतेच असं नाही. आणि सर्व्हर डाऊन म्हणजे नेमकं काय झालं, हे समोरच्याला कुणी सांगत नाही. गर्दी झाली असेल, नेटवर्क गेलं असेल, डिस्क भरली असेल. या सगळ्यात एक प्रश्न मात्र विचारलाच जात नाही. इतक्या महत्त्वाच्या डेटाबेसची दुसरी प्रत कुठंतरी तयार ठेवलेली असते ना? मग ती अशा वेळी काय करत असते?

आधी ही दुसरी प्रत म्हणजे काय ते बघू.

समजा तलाठ्याकडं एकच मूळ वही आहे आणि सगळ्या नोंदी तिच्यातच होतात. शेजारच्या खोलीत एक कारकून बसलाय. मूळ वहीत ओळ पडली की तीच ओळ तो आपल्या वहीत उतरवून घेतो. मूळ वही जळाली तर कारकुनाची वही पुढं आणायची आणि काम चालू ठेवायचं. मूळ वही म्हणजे प्रायमरी डेटाबेस, कारकुनाची वही म्हणजे स्टँडबाय, आणि उतरवून घेण्याचं काम म्हणजे रेप्लिकेशन. पोस्टग्रेस असो, ओरॅकल असो की मायएसक्यूएल, मूळ पद्धत हीच. प्रायमरी प्रत्येक बदल एका लॉगमध्ये लिहितो, तो लॉग स्टँडबायकडं जातो आणि स्टँडबाय तो आपल्यावर चढवत राहतो.

गोची अशी की कारकून शेजारच्या खोलीत आहे. त्याला डुलकी लागली, त्याची शाई संपली किंवा मधला दरवाजाच बंद झाला, तरी मूळ वहीवर बसलेल्याला काही कळत नाही. काम नेहमीसारखं चालू राहतं. स्टँडबाय मेला तर ओरडणारं कुणी नसतं, कारण ग्राहक त्याच्याकडं जातच नाही. तो बंद पडलाय हे कळतं थेट त्याची गरज पडते त्या दिवशी.

म्हणून तर तपासणी. आणि ती माणसानं सकाळी चहा पिता पिता स्क्रीन बघून करायची नाही, तर दर मिनिटाला आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं करायची.

बहुतेक ठिकाणी ही तपासणी असतेच, फक्त ती चुकीची गोष्ट तपासत असते. ‘सर्व्हर चालू आहे का?’ हा प्रश्न विचारला की उत्तर हो असं येतं आणि पडद्यावर हिरवा दिवा लागतो. कारकून खुर्चीत आहे, एवढंच त्यातून कळतं. लिहितोय का, ते कळत नाही. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार आपल्याला माहीत आहे. (त्यातलं पेडगाव श्रीगोंदा तालुक्यातलं, भीमेकाठचं मानतात. परभणीकरांनी मनाला लावून घेऊ नये.) इथं प्रकार उलटा असतो. स्टँडबाय शहाणपण पांघरून बसलेला असतो. चालू दिसतो, विचारलं की ओ देतो, आणि वही मात्र कालच्या पानावर असते.

खरा प्रश्न आहे तो किती मागं आहे हा. याला लॅग म्हणतात आणि तो दोन जागी मोजावा लागतो. लॉग तिकडं पोहोचायला किती उशीर होतोय, हा एक. पोहोचलेला लॉग वहीत चढायला किती उशीर होतोय, हा दुसरा. पहिला वाढला तर रस्ता तपासायचा, दुसरा वाढला तर कारकून.

यातही एक चकवा आहे. स्टँडबायवर शेवटची नोंद कितीची आहे, एवढंच बघितलं तर मध्यरात्री तो दोन तास मागं दिसेल. प्रत्यक्षात प्रायमरीवरच दोन तासांत काही लिहिलं गेलेलं नसतं. यावर जुना आणि पक्का उपाय म्हणजे प्रायमरीवरच्या एका छोट्या तक्त्यात दर मिनिटाला आत्ताची वेळ लिहायची आणि तीच ओळ स्टँडबायवर वाचायची. दोन्हीतलं अंतर म्हणजे खरा लॅग. याला हार्टबीट म्हणतात, आणि माझ्या मते एकच तपासणी लावायची परवानगी असेल तर हीच लावावी. दुसरी लावायची ती डिस्कच्या जागेची. पोस्टग्रेसमध्ये स्टँडबायसाठी स्लॉट राखून ठेवला असेल, तर स्टँडबाय बंद पडल्यावर प्रायमरी त्याच्यासाठी लॉग साठवत बसतो. त्यावर मर्यादा घातली नसेल तर एक दिवस डिस्क भरते आणि प्रायमरीच आडवा होतो.

हे पुस्तकी वाटत असेल तर २०१७ मध्ये गिटलॅब या कंपनीत काय झालं ते बघा. ३१ जानेवारीला तिथल्या डेटाबेसवरचा भार वाढला आणि स्टँडबाय मागं पडला. इतका मागं, की त्याला हवा असलेला लॉग प्रायमरीवरून पुसलाही गेला होता. मग स्टँडबाय नव्यानं भरायचं ठरलं. रात्री उशिरा काम करणाऱ्या इंजिनिअरनं स्टँडबायचा फोल्डर रिकामा करायचा आदेश दिला, पण तो प्रायमरीवर. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला घेतले. रोज निघणारा बॅकअप निघतच नव्हता, कारण तो काढणारं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीचं होतं. बॅकअप अयशस्वी झाल्याचे इमेल जात होते, पण इमेलच्या सुरक्षा नियमात बसत नसल्यानं ते पोहोचण्याआधीच नाकारले जात होते. म्हणजे तपासणी होती, इशाराही होता, फक्त तो कुणापर्यंत पोहोचत नव्हता. शेवटी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत सापडली आणि मधल्या सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

म्हणून तपासणाऱ्यालाही कुणीतरी तपासायला लागतं. काही बिघडलं तर मेसेज कर, एवढं पुरत नाही. ‘सगळं ठीक आहे’ हा मेसेजही ठरल्या वेळी आला पाहिजे, आणि तो आला नाही तर दुसरीकडं घंटा वाजली पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, सगळं आपोआप तपासता येतं तर प्रायमरी पडल्यावर स्टँडबायला पुढं आणायचं कामही मशीनवर सोडून द्या की. सोडतात. पण २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरचं नेटवर्क फक्त ४३ सेकंद तुटलं. स्वयंचलित यंत्रणेला वाटलं प्रायमरी गेला, म्हणून तिनं पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतींना प्रायमरी केलं. पण पूर्वेकडं काही नोंदी आधीच झाल्या होत्या, त्या पश्चिमेला पोहोचल्या नव्हत्या. एका फडात दोन मुकादम झाले. ४३ सेकंदांच्या त्या घोळानंतर सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत राहिली. म्हणूनच नीट उभ्या केलेल्या यंत्रणेत पंच ठेवतात. किमान तीन यंत्रं, आणि त्यांतल्या दोघांचं एकमत झाल्याशिवाय गादी बदलायची नाही. जुन्या प्रायमरीला आधी बाहेर काढायचं, मग नव्याला बसवायचं.

आपल्याकडचं मोठं उदाहरण मुंबईतलं आहे. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एनएसईवरचे व्यवहार थांबले. एक्स्चेंजनं नंतर सांगितलं की, मुख्य केंद्र आणि जवळचं पर्यायी केंद्र यांना जोडणाऱ्या टेलिकॉम लिंक अस्थिर झाल्या होत्या. दोन कंपन्यांच्या लिंक होत्या, तरीही. एकही नोंद हरवू नये म्हणून दोन्हीकडं एकाच वेळी लिहिलं जात होतं. इथं डेटाबेसऐवजी स्टोरेजची नक्कल चालू होती, पण तत्त्व तेच. लिंक डळमळल्यावर मुख्य केंद्रातलं स्टोरेजच सर्व्हरना मिळेनासं झालं आणि जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली. सुरक्षिततेसाठी ठेवलेल्या जोडीदाराशी बोलणं तुटलं आणि त्यापायी मूळ काम ठप्प झालं.

बाजार दुपारी पावणेचारला पुन्हा उघडला आणि पाचपर्यंत चालला. तोपर्यंत अनेक ब्रोकरांनी ग्राहकांचे दिवसभराचे सौदे बीएसईवर गुंडाळून टाकले होते, कारण एनएसई आज उघडेल की नाही हे कुणालाच माहीत नव्हतं. दूरचं पर्यायी केंद्र असताना व्यवहार तिकडं का हलवले नाहीत, असं सेबीनं विचारलं. पुढच्याच महिन्यात नियम आला : महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांच्या आत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. हा नियम मला महत्त्वाचा वाटतो तो मिनिटांच्या आकड्यासाठी नाही. अशा वेळी सगळ्यात जास्त वेळ खातो तो ‘आता हलवायचं का?’ हा प्रश्न, आणि नियमानं त्यालाच घड्याळ लावलं.

पुढं २ मार्च २०२४ ला, शनिवारी, एनएसईनं खास सत्र ठेवलं. पहिला भाग मुख्य केंद्रावरून, दुसरा पर्यायी केंद्रावरून, दोन्हीकडं खरे सौदे आणि खरे पैसे. स्टँडबाय खरंच चालतो का, हे कळायचा याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

बँकांनाही हा चटका बसलाय. २१ नोव्हेंबर २०२० ला एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा सेंटरची वीज गेली आणि सेवा कोलमडली. आधीच्या दोन वर्षांतल्या अशा घटनाही धरून डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं त्यांना नवी क्रेडिट कार्डं द्यायला मनाई केली. ती मनाई ऑगस्ट २०२१ पर्यंत होती.

शेअर बाजाराला सेबी आहे, बँकांना रिझर्व्ह बँक आहे. सातबारा, फेरफार, विमा अर्ज यांच्यामागच्या यंत्रणांना असं मिनिटांचं घड्याळ लावून, दरवर्षी तारीख जाहीर करून सराव घ्यायला काय हरकत आहे? कारण इथं नुसता उशीर होत नाही. समजा कर्ज फिटलं, बोजा कमी केल्याची नोंद सकाळी मूळ डेटाबेसमध्ये पडली आणि दुपारी तो कोसळला. तीन तास मागं असलेला स्टँडबाय पुढं आला, तर साइट सुरू होईल, हिरवा दिवा लागेल आणि उताऱ्यावर बोजा तसाच दिसेल. केंद्रावर बसलेल्या माणसाला ‘सर्व्हर सुरू झाला’ एवढं सांगून भागणार नाही. किती वाजेपर्यंतच्या नोंदी शाबूत आहेत, हेही त्याच पानावर लिहावं लागेल.