पिठाच्या डब्यातली काडतुसे

डिसेंबर २०२४. विधानसभेची निवडणूक होऊन महिना झाला होता आणि आम्ही नात्यातल्या एका घरी एटापल्लीला गेलो होतो. आलापल्लीहून निघालो की पूर्वी जंगलाचीच सोबत असे. आता सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकमागून धूळ खात जावे लागते. चहापाणी झाले, पुरुषमंडळी असरच्या नमाजला गेली, तेव्हा भाभींनी रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. बंदूक ठाण्यात जमा केल्याची पावती होती.

बंदूक आजोबांच्या काळची, एकनळी, परवान्याची. शेतात रानडुकरे येत म्हणून घेतलेली. पुढे शेती सुटली, दुकान आले, बंदूक खुंट्यांवर राहिली. परवाना मात्र भाईजानने आपल्या नावावर करून घेतला होता. गेल्या वर्षी धंद्यात मोठी खोट आली. भाईजानची झोप गेली. रात्री दोनला उठून ते बंदूक खाली काढत, पुसत, परत ठेवत. एकदा म्हणाले, "मी नसलो तर तुमचंच बरं होईल." भाभींनी दुसऱ्या दिवशी काडतुसे फडक्यात बांधून पिठाच्या डब्यात तळाशी घातली आणि कोणाला काही बोलल्या नाहीत. सासूबाईंनासुद्धा नाही. घराच्या इज्जतीचा प्रश्न होता.

मग निवडणूक लागली आणि शस्त्रे जमा करण्याची नोटीस आली. आचारसंहितेच्या काळात परवानाधारकांची छाननी होते आणि सांगितले त्यांना बंदूक ठाण्यात ठेवावी लागते. भाईजान गेले, जमा करून आले. निकाल लागल्यावर भाभी एवढेच म्हणाल्या, "राहू द्या ना तिथेच अजून." तोवर चंद्रपूरच्या डॉक्टरांचे औषध सुरू झाले होते, झोप येऊ लागली होती.

"पण निवडणूक नसती तर मी काय केलं असतं, सांगा," भाभींनी आम्हाला विचारले. आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. परत आल्यावर आम्ही थोडे वाचले.

अमेरिकेत या प्रश्नावर कायदे आहेत. त्यांना तिकडे 'रेड फ्लॅग' कायदे म्हणतात. (आपल्याकडे लाल बावटा म्हटले की मोर्चा आठवतो, आणि गडचिरोलीत तर आणखी काही. इथे अर्थ रेल्वे गार्डच्या लाल झेंडीचा.) पहिला कायदा कनेक्टिकट राज्यात १९९९ साली झाला. आदल्या वर्षी तिथल्या लॉटरी कार्यालयात एका कर्मचाऱ्याने चार सहकाऱ्यांना मारून स्वतःला संपवले होते. २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलँडच्या शाळेत सतरा जण मारले गेले. त्या मुलाबद्दल लोकांनी आधीच यंत्रणांना कळवले होते. त्यानंतर फ्लोरिडानेही कायदा केला आणि आता वीसहून अधिक राज्यांत तो आहे. कुठे फक्त पोलीस अर्ज करू शकतात, कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी घरचे लोकही थेट न्यायालयात जाऊ शकतात. न्यायाधीश आधी थोड्या दिवसांसाठी बंदूक काढून घेतात, मग दोन्ही बाजू ऐकून पुढचे ठरवतात. गुन्हा घडलेला नसतो, कोणाला तुरुंगात टाकले जात नाही. कनेक्टिकटच्या अभ्यासकांचा अंदाज असा की दर दहा ते वीस जप्त्यांमागे एक आत्महत्या टळली.

आपल्याकडे काहीच नाही असे आम्हाला वाटत होते. तसे नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १७ सांगते की परवानाधारक कोणत्याही कारणाने अयोग्य ठरला, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज वाटली, तर परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. कलम २२ त्याही पुढे जाते. एखाद्याच्या हाती शस्त्र राहू देणे धोक्याचे आहे असे जिल्हादंडाधिकाऱ्यांना वाटले, तर कारणे लिहून ते शस्त्र ताब्यात घेऊ शकतात, परवाना असला तरी. म्हणजे अधिकार आहे, पण भाभींसाठी दार नाही. घरच्या बाईने कुठे जायचे, काय लिहायचे, किती दिवसांत उत्तर मिळेल, हे कलमात कुठेच नाही. साध्या कागदावर जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करायला मनाई नाही, एवढेच.

याच तालुक्यातल्या पाड्यांवरची बाई तर आणखी अडचणीत आहे. तिच्या घरातली भरमार बंदूक बहुधा बिनपरवान्याची असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बंदुकीला दोन ते पाच वर्षांची कैद आहे. धोका सांगायला गेली तर नवराच आत जायचा. गडचिरोली पोलीस भरमार आणून देण्याचे आवाहन गावोगाव करतात आणि लोक आणूनही देतात, हे चांगलेच आहे. पण ज्याच्या मनात वादळ आहे तो स्वतःहून कशाला आणून देईल?

घरातली बंदूक घरच्यांना दिसते, नोकरीतली सोबत्यांना. ३१ जुलै २०२३ ची जयपूर-मुंबई गाडी आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. तिघेही प्रवासी मुसलमान होते. त्याच्या मनातल्या द्वेषाचा हिशेब न्यायालयात व्हायचा तो होवो, आजारपणाच्या नावाखाली तो माफ होता कामा नये. पण सहकाऱ्याच्या जबाबानुसार त्या रात्री तो बरे वाटत नाही, उतरू द्या म्हणत होता, चिडला होता, सोबत्याच्या अंगावर गेला होता. इतके दिसूनही रायफल त्याच्याच हाती राहिली. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाताना टोके हातात धरावीत, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे बाणवाल्याच्या नियतीची चौकशी आधी होत नाही.

हे सारे घरी बोलत असताना आमचा भाचा म्हणाला, "मामू, असा कायदा आला तर कोणीही उठून आपल्याविरुद्ध अर्ज टाकेल." ही भीती खोटी नाही, आपल्या मोहल्ल्यांत तर नाहीच. म्हणून आम्हाला असा कायदा हवा तो न्यायाधीशासमोरचा, ठरावीक मुदतीचा, दुसरी बाजू ऐकणारा आणि खोट्या अर्जाला शिक्षा देणारा. अर्ज करण्याचा हक्कही घरच्यांनाच असावा, शेजाऱ्याला नव्हे.

तोवर घरात कोणी असे बोलू लागले, तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. भाभींना आम्ही तो फोनवर कळवला. त्यांनी पावतीच्या मागेच लिहून ठेवला आहे. बंदूक अजून ठाण्यातच आहे आणि तिच्या खुंट्यांवर आता नातवाचे दप्तर लटकते.