पिंग लागला नाही म्हणून सर्व्हर बदलता का?

मंडळी, ऑफिसात एखादा सर्व्हर पिंगला उत्तर देत नसेल तर तुम्ही काय करता? केबल बघता, स्विच बघता, पॉवर बघता. थेट नव्या सर्व्हरची ऑर्डर काढलीत तर मॅनेजर तुम्हालाच घरी पाठवेल. मग गाडीच्या बाबतीत हाच प्रकार आपण मुकाट्याने का सहन करतो?

समजा, हिंगणघाटहून नागपूरला निघालात आणि स्टिअरिंगचा दिवा लागला, चाक दगडासारखं जड झालं. स्कॅनरवर कोड येतो यू०१३१. लगेच निदान तयार: "युनिट गेलं साहेब, अख्खा कॉलम बदलावा लागेल." पण या कोडचा अर्थ एवढाच की पॉवर स्टिअरिंगच्या मोड्यूलशी संपर्क तुटला. आणि ही तक्रार करणारा दुसराच कंप्युटर असतो! शेजारी फोन उचलत नाही म्हणजे तो वारलाच, असं थोडंच आहे?

जरा आत डोकावू. बॉशने १९८६ साली जगापुढे मांडलेली 'कॅन' ही पद्धत म्हणजे पीळ दिलेल्या दोन वायरी. त्यांवर इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग सगळे बोलतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरीची वायर काढून मल्टिमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले तर कुठेतरी वायर तुटली आहे किंवा एक टोक सुटलं आहे. शून्याच्या जवळ दिसले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. शिवाय इलेक्ट्रिक स्टिअरिंगची मोटर बॅटरीकडून भरपूर करंट ओढते. बॅटरी थकलेली, अर्थिंग गंजलेलं किंवा उंदराने वायर कुरतडलेली असली तरी मोड्यूल गप्प बसतं. म्हणजे आधी फ्यूज, बॅटरी, अर्थिंग, कनेक्टर, वायर. आणि सगळ्यात शेवटी युनिट. पहिल्या पाच पायऱ्यांचा खर्च? थोडा वेळ आणि एक मल्टिमीटर.

मग आर्वी-पुलगावचा मेकॅनिक हे का करत नाही? त्याला अक्कल नाही म्हणून? छे! त्याच्याकडे वायरिंगचा नकाशा नाही. बाजारातला स्वस्त डोंगल इंजिनाबद्दल बोलतो, स्टिअरिंगचं नाव काढलं की बहुतेकदा तोंडात मिठाची गुळणी धरतो, कारण ते कुलूप कंपनीचं असतं. हे मी पदरचं सांगत नाहीये. सुटे भाग, मॅन्युअल आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. कंपन्या अपिलात गेल्या, वगैरे वगैरे. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने 'राईट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. छान! पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "सेफ्टी! उद्या कुणी स्टिअरिंग हॅक केलं तर?" २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी चालती जीप दुरून ताब्यात घेऊन दाखवली, हे खरं. पण ते आत शिरले मोबाईल नेटवर्कमधून, मेकॅनिकच्या स्कॅनरमधून नव्हे. आणि रीड परमिशन वेगळी, राईट परमिशन वेगळी, हे आपल्या धंद्यातल्या फ्रेशरलाही कळतं. फर्मवेअर बदलायला कुलूप ठेवा की, कोण नाही म्हणतंय? फॉल्ट वाचायला, नकाशा बघायला कुलूप कशाला? उलट समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने धावणाऱ्या गाडीचं निदान अंदाजपंचे होणं, हाच खरा सेफ्टीचा प्रश्न आहे.

वर्धा जिल्ह्याच्या मातीत तर हा मुद्दा जुनाच आहे. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाखाचं बक्षीस लावलं होतं. अटी काय? किंमत १५० रुपयांच्या आत, आणि मोठ्या दुरुस्तीशिवाय २० वर्षं चालला पाहिजे. म्हणजे यंत्राला विरोध नव्हता. यंत्र वापरणाऱ्याच्या आवाक्यात राहावं, एवढाच आग्रह होता. गाडीकडूनही मागणं यापेक्षा जास्त नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "युनिट बदला" म्हणालं तर तीन प्रश्न विचारा: कोड कुठल्या मोड्यूलने नोंदवला? ओहम किती आले? बॅटरी आणि अर्थिंग तपासलं का? उत्तरं लेखी मागा. उत्तर आलं नाही तर सही करू नका, बस्स!