जखमेवरचं औषध आणि कपाटातली गोळी

चिखलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, ‘गेल्या वर्षी स्टोव्हच्या भडक्यानं जाऊबाईंचा हात भाजला. जखम भरली, पण कोपर सरळ होत नाही. आता अकोल्याला मांडीची कातडी काढून तिथं लावायची आहे. त्यांना रगत जायची फार भीती वाटते. रक्त कमी जावं म्हणून औषध वरूनच लावू, असं डॉक्टर म्हणतात. नुसतं लावून रक्त थांबतं का हो?’

थांबतं म्हणण्यापेक्षा कमी होतं. मांडीवरून रक्त बारीक बारीक झिरपतं. तिथं अ‍ॅड्रेनलिनच्या पाण्यात भिजवलेला गॉज दाबून ठेवायची पद्धत जुनीच आहे. खरी धास्ती कोपराची. नव्या कातडीखाली रक्त साकळलं, तर ती खाली धरत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते.

अलीकडे ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडही वरून लावतात. ते रक्त गोठवत नाही; गोठलेलं विरघळू देत नाही. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत २८ बायकांच्या एका बाजूच्या जखमेला हे औषध आणि दुसरीला नुसतं सलाइन लावून नॉर्वेत तुलना केली. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. औषधाच्या बाजूला नळीतून येणारा स्राव ३९ टक्क्यांनी कमी भरला.

नाव ओळखीचं वाटलं ना? पाळीत फार जातं म्हणून कितीतरी जणींच्या कपाटात हीच गोळी असते. हे औषध १९६२ साली जपानच्या उताको ओकामोटो या डॉक्टरीणबाईंनी पतीबरोबर शोधलं. बाळंतपणात रक्त जाऊन दगावणाऱ्या बायका त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. लेकीला पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करीत!

पण म्हणून गोळी कुटून जखमेवर भुरभुरायची नाही. हळदही नाही. लावायचं ते निर्जंतुक द्रावण, आणि ते डॉक्टरांनीच.

तुम्ही एवढं करा. जाऊबाई अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची गोळी घेतात का, पूर्वी पायात गुठळी झाली होती का, फिट येते का, हे डॉक्टरांना आधीच सांगा. शेगावला दर्शनाला जायचं म्हणून पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली असेल तर तीही सांगा. तिनं गुठळीचा धोका वाढू शकतो. सासऱ्यांसमोर बोलायला संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. मग त्यांना चहाला पाठवा.

घरी आल्यावर पट्टी लाल भिजली तर उघडून बघू नका. हात उशीवर उंच ठेवा, वरून स्वच्छ कापड हलकं दाबून धरा आणि लगेच डॉक्टरांना कळवा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात.